किल्लीबाबांचा जपानी मुनी

एकोणीसशे एक्कावन्नच्या एप्रिलात पनवेलजवळच्या कोन गावात दुपारी बाराच्या उन्हात माणसं टेकडी चढत होती. टेकडीच्या पोटात एक जुनी गुहा होती आणि तिच्या तोंडाशी किल्लीबाबा बसले होते. कमरेला वीतभर लोखंडी किल्ली, हातात तुपाचा दिवा. दिवा त्यांनी गुहेच्या तोंडाशी धरला की ज्योत बाहेर वाकायची, आणि पुढे बसलेल्यांच्या घामेजल्या चेहऱ्यांवर गार वारा यायचा.

"मुनी श्वास सोडताहेत," बाबा म्हणत. "जपानच्या राजाचे गुरू. पाच हजार वर्षांपूर्वी समुद्राखालून चालत आले नि इथं समाधीत बसले. तिकडं राजांची थडगी डोंगराएवढी आहेत. वरून पाहिली तर कुलपाच्या भोकासारखी दिसतात. का दिसतात? कुलूप तिकडं, किल्ली माझ्याकडं."

लोक हात जोडत. गर्दीतला धर्मराज मात्र खाली मान घालून बसला होता, कारण ही थडग्यांची गोष्ट मुळात त्यानंच सांगितलेली होती.

महायुद्ध संपल्यावर धर्मराजची पलटण वर्षभर जपानात होती. परतल्यावर तो चहाच्या दुकानात तिथल्या गोष्टी सांगे: ओकायामाजवळची टेकडीएवढी थडगी, डोंगराच्या कुशीत खोदलेल्या गुहा, त्यांत मेलेल्यांसोबत पुरलेले मणी आणि मातीची भांडी. गेल्या पावसाळ्यात एक दाढीवाला परका माणूस फार मन लावून ऐकत असे. "कुलपाच्या भोकासारखी म्हणजे नक्की कशी हो?" असं त्यानं दोनदा विचारलं होतं. धर्मराजनं कौतुकानं टेबलावर चहाच्या थेंबांनी आकृती काढून दाखवली होती.

त्याची बहीण रंभा हिवतापानं आजारी होती. दर तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरायची. दवाखान्यातून क्विनीनच्या गोळ्या आणल्या होत्या, पण पोटात विलायती औषध असेल तर मुनींचा श्वास अंगाला लागत नाही, असं बाबांनी सांगितलं आणि बाटली गुहेत ठेवून घेतली. त्या संध्याकाळी ती ओट्यावरच कोसळली.

"गोळ्या परत आणतो," धर्मराज म्हणाला.

"नको दादा. जपानचं तूच तर सांगितलंस. मग बाबा खोटं कसं बोलतील?"

हे वाक्य त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो गुहेशी गेला आणि काडी पेटवली. ज्योत आत वाकली. मुनी सकाळी उलटा श्वास घेत होते, आणि बाबांचं दर्शन दुपारीच का असतं ते त्याच्या ध्यानात आलं. मग त्याला जपानातली एक म्हातारी आठवली. छत फुटलेल्या एका थडग्याच्या गुहेत ती मुळे वाळवायची. वारा कुठून येतो ते तिनं गवताची काडी धरून हातवाऱ्यांनी दाखवलं होतं.

गुहेच्या वर जायला बाबांनी मनाई केली होती. मुनींच्या डोक्यावर पाय पडेल म्हणून. धर्मराज दुपारी मागच्या बाजूनं चढला. करवंदीच्या जाळीत हातभर रुंद भेग होती. वर धरलेलं सुकं पान तिनं सुर्रकन आत ओढलं.

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "हौसा, घरात सुकट हाय?"

"हाय. पावणं येणार हायत?"

"मुनींना जेवू घालायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा वर भेगेपाशी तीन दगडांची चूल मांडून तव्यावर सुकट भाजत बसली आणि धर्मराज खाली गर्दीत. बाबा रंगात आले होते. मुनी केवळ वाऱ्यावर जगतात, कांदा-लसणाचा वाससुद्धा त्यांना सोसत नाही, असं चाललं होतं. तेवढ्यात मुनींनी श्वास सोडला.

पुढच्या रांगेतल्या ठमाबाईनं नाक वर केलं. चाळीस वर्षं तिनं उरणच्या बाजारात सुकी मासळी विकली होती.

"बाबा, मुनी सुकट खातात?"

"कस्तुरी आहे ती, बाई."

"कस्तुरी नाय, जवळा हाय. अन् करपत चाललाय."

कुणीतरी खुदकन हसलं. धर्मराज उठला आणि गुहेत तोंड घालून म्हणाला, "हौसा, तवा उतरव."

"उतरवला," मुनी बाईच्या आवाजात म्हणाले.

मग हसू कुणालाच आवरेना. बाबा मात्र उठून चपला शोधू लागले. धर्मराज सरळ आत शिरला आणि नारळांच्या ढिगामागून गोळ्यांची बाटली घेऊन आला. बाहेर येईपर्यंत बाबा पनवेलच्या वाटेला लागले होते.

"डोंगराच्या पोटातली हवा गार असते," धर्मराज लोकांना म्हणाला. "गार हवा जड. दुपारी ती खालच्या तोंडानं बाहेर येते अन् वरच्या भेगेतून गरम हवा आत जाते. पहाटे बाहेर जास्त गार असतं, तवा उलटं होतं. मुनी नाय, बिनी नाय."

"अन् जपानची थडगी?" गर्दीतल्या काशिरामनं विचारलं.

"ती खरी हायत. मीच सांगितली, अन् त्यानं त्यांना शेपूट लावलं. म्हणून सांगतो, आता नुसतं माझंबी ऐकू नका. वर चढा, हात लावून बघा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. रंभा मागे ठमाबाईच्या सुनेला टेकून बसली होती. तिनं भावाकडे हात पुढे केला, बाटली घेतली आणि पाणी मागितलं.

ठमाबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी करवंदीची वाट धरली.