अख्खा खेळ

आईने कॅप्सूल चिमटीत धरून अलगद उघडली आणि आतले पांढरे दाणे कुस्करलेल्या केळ्याच्या चमच्यावर शिंपडले. एकही दाणा टेबलावर सांडू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. समोर भिंगरी एका पायावर उभी राहून खुर्ची मागेपुढे झुलवत होती, मोज्याचा सुटलेला धागा ओढत होती आणि मांजरांना गुडघे असतात का, ते विचारत होती.

"आ कर."

"असतात का पण?"

"असतात. चावू नकोस, नुसतं गिळ."

भिंगरीने गिळलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मांजराचे गुडघे कुठे वाकत असतील ते दाखवायला थेट जमिनीवर बसली. डब्याचं झाकण, वेणीचं रबर आणि एक बूट सापडेपर्यंत आईच्या नाकी नऊ आले. हे रोजचंच होतं. दाण्यांचा गुण यायला शाळेची घंटा व्हायची, तोवर घर भिंगरीच्या मालकीचं असे.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी बांधूनच ही पोर जन्माला आली, असं म्हणून बाबांनी ते ठेवलं, आणि ठेवून स्वतः मालवाहू जहाजावर विजेची कामं करायला निघून गेले. तिथून त्यांचा फोन येई तो समुद्राच्या मर्जीने. गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "तू तिथे आहेस, तुला जास्त कळतं. तू ठरवशील ते मला मान्य आहे." बोलणं समजूतदारपणाचं होतं, नाही कोण म्हणेल? पण फोन ठेवल्यावर आई बराच वेळ भिंतीकडे बघत बसली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तिच्या अतिचंचलपणावर औषध सुरू करून बघता येईल, जोडीला तिच्याशी कसं वागायचं ते तुम्हालाही शिकवू. किंवा आधी नुसतंच शिकवू, त्याला वेळ लागेल. दोन्ही रस्ते बरोबर आहेत." दोन्ही रस्ते बरोबर असले की माणसाची जास्तच पंचाईत होते. आईची थोरली बहीण म्हणाली, "एवढ्याशा जिवाला मेंदूची औषधं? तुझं काळीज आहे की दगड?" शेजारीण म्हणाली, दोन धपाटे घाला, सुतासारखी सरळ होईल. सल्ल्यांना तोटा नव्हता. सोबत डॉक्टरांकडे यायला मात्र कुणाला सवड नव्हती. शेवटी तिने काही दिवस औषध देऊन बघायचं कबूल केलं. ते दिवस आता संपत आले होते. उद्या जाऊन सांगायचं होतं, पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं.

दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी नेहमीप्रमाणे आईच्या कामावर आली. आई कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं, स्पिरिटचे दिवे आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. पूर्वी भिंगरी आली की या जबड्यांना कंठ फुटायचा. कुणाला नातू होता, कुणाची बायकोशी बोलाचाली बंद होती, एका जबड्याला रोज सकाळी रडू येई. एकदा तर तिने दोन आजोबांचे दात एकमेकांत मिसळून ठेवले होते, का तर म्हणे त्यांची मैत्री व्हावी. कारखान्याच्या मालकांनी त्या दिवशी हातच टेकले होते.

औषध सुरू झाल्यापासून असायची तशी आजही ती खिडकीपाशी बसून चित्र रंगवत होती. रंग रेषेबाहेर जात नव्हता.

"ताई, जादू आहे हो तुमचं औषध," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "पोर आहे की नाही तेही कळत नाही."

आई हसली आणि मेणाच्या हिरडीत दात बसवू लागली. चाकू दिव्यावर धरायचा, मेण मऊ करायचं, दात टेकवायचा, कडेने बोट फिरवायचं. हात आपोआप चालत होते. मधेच तिने एकदा मान वर करून पाहिलं. जबडे गप्प होते. कुणाचा नातू काय करतो, कुणी सांगत नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आतच मालकांनी कवळी उचलून उजेडात धरली.

"ताई, हे काय? डावा सुळा उजवीकडे?"

तिने पाहिलं. डावा सुळा उजवीकडेच होता, आणि उजवा डावीकडे.

"ही इथे धुडगूस घालायची तेव्हा तुमच्या हातून कधी असं झालं नाही. आज एवढ्या शांततेत कसं झालं?" मालक रागावले नव्हते, त्यांना खरंच नवल वाटत होतं. "जा तुम्ही घरी. उद्याही सुट्टी आहेच तुमची, परवा करा."

तिने मेण वितळवून दोन्ही सुळे काढले. मालकांना काय सांगायचं? ही शांतता तिला खायला उठत होती. दिवसभरात कुणी तिच्याशी पोटभर बोलत असेल तर ती ही एवढीशी पोर, आणि ती बडबड आपणच रोज सकाळी केळ्याच्या घासात मिसळून बंद करत होतो. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तो गेला नाही. दार ओढून घेईपर्यंत तिचं ठरलं होतं. उद्या औषध नको, नुसतं शिकवा म्हणून सांगायचं. वेळ लागू दे.

त्यांच्या इमारतीच्या आवारात भिंगरीच्या वर्गातली मुलं खेळत होती. एरवी घरी यायला उशीर व्हायचा, तोवर दाण्यांचा गुण ओसरलेला असायचा आणि भिंगरी आईचा हात सोडून थेट मधोमध घुसायची. "आली, आली!" असा ओरडा व्हायचा, मुलं पांगायची आणि भिंगरी खिदळत एकेकाच्या मागे धावत सुटायची. वर आली की घामाघूम होऊन सांगायची, "आज पण पकडापकडी! सगळे माझ्यापासून पळत होते!" आई म्हणायची, "अरे वा."

आज भिंगरी भिंतीला टेकून उभी राहिली. डाव सुरू होऊन संपेपर्यंत ती तशीच उभी होती. आई पिशवी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. मग भिंगरी तिच्याजवळ आली.

"आई, ते मला खेळायला घेत नाहीत."

"आज त्यांचं लक्ष नसेल गं."

"नाही. आधी पण घेत नव्हते." ती थांबून म्हणाली, "मी आले की पळायचे, ती पकडापकडी नव्हती ना?"

आईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"नव्हती."

"तुला माहीत होतं?"

"हो."

भिंगरीने मान हलवली. ती रडली असती तर बरं झालं असतं, निदान जवळ घेता आलं असतं. ही पोर शहाणी झाली आणि शहाणी होऊन पहिलं तिला काय दिसलं, तर हे.

"आपण ती गोळी बंद करूया," आई घाईने म्हणाली. "उद्या डॉक्टरांना सांगते मी."

भिंगरीची नजर मुलांकडेच होती.

"नको."

"का गं?"

"आज मी अख्खा खेळ बघितला. खडूच्या चौकटीत कुणी उभं असलं की त्याला पकडायचं नसतं. आणि मी तर सगळ्यांना तिथेच जाऊन ढकलायचे." तिचे डोळे मोठे झाले होते. "मला कुणी सांगितलंच नाही!"

"सांगितलं असेल, बाळा."

"हो. सांगितलं असेल," भिंगरी म्हणाली. "मला ऐकू आलं नसेल."

तिकडे नवा डाव मांडत होते. कुणीतरी पुसट झालेल्या रेषा पुन्हा ओढत होतं.

"मी विचारून येते, मला घेता का म्हणून."

"मी येऊ का बरोबर? मी बोलते त्यांच्याशी."

"नको. तू वर जा." भिंगरीने तिच्याकडे न बघताच सांगितलं. "तू बसलीस की ते आधी तुझ्याकडे बघतात."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर उद्या विचारीन. गोळी खाऊन."

आई उठली. जिना चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यासाठी तिला कठड्याला धरून चढावं लागलं. तिने दार उघडलं, चपला काढल्या, सकाळचा केळ्याचा चमचा विसळून ठेवला. घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

खालून मुलांचा कल्ला येत होता. एरवी या कल्ल्यातून भिंगरीचा आवाज तिला चार मजल्यांवरूनही वेगळा काढता यायचा. आज तिने खूप वेळ कान दिला, पण त्यातला तिचा कुठला ते काही केल्या ओळखू येईना.