अण्णांनी काढला होता तसा

“ये मेरा थोबड़ा है?” समोरच्या पानवाल्या रमेशने ओली प्रिंट दोन बोटांत धरून विचारलं. “विनूभाऊ, घरवाली को मत दिखाना.”

विनायकने टेबलावर दुसरी प्रिंट ठेवली. माणूस तोच, स्टूल तेच, दुपारचा उजेडही तोच. एक फोटो वडिलांच्या, अण्णांच्या जुन्या लेन्सने काढलेला, दुसरा त्याच कंपनीच्या नव्या लेन्सने. इंदूरचा एजंट ती दिवाळीपर्यंत वापरून बघायला ठेवून गेला होता. जुन्या फोटोत रमेश एखाद्या विचारात बुडलेल्या पंडितासारखा दिसत होता. नव्यात त्याच्या दाढीचे खुंट, हनुवटीवरचा वस्तऱ्याचा काप आणि ओठाच्या कोपऱ्यातला पानाचा डाग, सगळं होतं.

रमेश जुना फोटो घेऊन गेला. नव्याकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“बघितलंस?” विनायक बहिणीला म्हणाला. “चीज एक नंबर आहे, मानतो. पण आपल्याकडे येतं कोण? लग्नाच्या मुली आणि त्यांच्या आया. त्यांना हे असं दाखवलं तर सगळे सीधे फ्रीगंजच्या स्टुडिओत भागतील. घ्यायची की परत करायची, तूच सांग बाई.”

मंगला खिडकीशी रिटचिंगच्या तिरक्या फळीवर वाकून बसली होती. समोर काचेची निगेटिव्ह, हातात टोक काढलेली पेन्सिल. उलट्या छायेतल्या चेहऱ्यावरचे खळगे ती ठिपका ठिपका देऊन भरत होती. देवास गेटच्या या स्टुडिओतून बाहेर पडणारा प्रत्येक चेहरा आधी तिच्या हाताखालून जात असे.

“बघू,” ती म्हणाली.

तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणी आलेल्या देवी जीव ठेवून गेल्या, पण गाल खणून गेल्या. ती लग्नाची झाली तेव्हा अण्णांनी तिचा फोटो काढला. तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं, लेन्सपुढे पातळ जाळी धरली आणि मग रात्री कितीतरी वेळ पेन्सिल चालवली. सुभा कचेरीतले बडे अधिकारी भय्यासाहेब तो फोटो बघून स्टुडिओत आले, मुलगी प्रत्यक्ष बघून गेले आणि त्यांच्या श्रीकांतशी साखरपुडाही झाला.

त्याच वर्षी दसऱ्याला, सोनं वाटायला सगळी मराठी मंडळी जमलेली असताना, भय्यासाहेबांनी तो फोटो अण्णांच्या पायांशी टाकला. “फोटोग्राफर आहात की सोंगाडे? पोरीचं तोंड झाकून आमच्या गळ्यात मारत होतात!” अण्णा खाली वाकले, फोटो उचलला आणि उपरण्याने पुसला. त्या दिवसानंतर त्यांनी माणसांचे फोटो काढणं सोडलं. उरलेली वर्षं ते क्षिप्रेचे घाट आणि देवळांची शिखरं काढत राहिले आणि तसेच गेले. संस्थान गेलं, मध्यभारत आला, आता तोही जाऊन भोपाळ राजधानी होणार होती. मंगलाच्या मनातला दसरा मात्र हलला नव्हता. पुढे भय्यासाहेबांच्या धाकट्या मुलीला, कल्पनाला, देवी आल्याचं कळलं, तेव्हा तिने हरसिद्धीची खणानारळाने ओटी भरली होती. कशाबद्दल, ते विनायकने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आणि रमेशचे फोटो काढले त्याच आठवड्यात भय्यासाहेब स्टुडिओची पायरी चढून आले. मागे कल्पना होती, पदर गालावर ओढलेला.

“आमची बदली भोपाळला झाली,” ते विनायकला म्हणाले. मंगलाकडे त्यांनी पाहिलं नाही. “जायच्या आत हिचं जमवायचंय. जबलपूरचं स्थळ आहे, फोटो मागितलाय.” मग त्यांचा आवाज उतरला. “अण्णांनी काढला होता ना... तसा काढून द्या.”

मंगलाच्या हातातली पेन्सिल मोडली.

विनायक हात जोडून काहीतरी बोलायच्या बेतात होता. मंगलाच आधी उठली. “काढू की. बसा भय्यासाहेब. ये गं.” कल्पनाला तिने खिडकीला बाजू करून बसवलं. तिरप्या उजेडात गालावरचा प्रत्येक खळगा आपापली सावली घेऊन उभा राहिला. मग ती भावाच्या कानाशी आली. “नवी लावा.”

“मंगल, काय करतेस?”

“नवी लावा म्हणते ना.”

विनायकने नवी लावली. पण त्याचा जीव राहीना. दुसरी काच घालून, पोरीचं तोंड उजेडाकडे वळवून, जुन्या लेन्सनेही एक फोटो घेतला.

दोन दिवसांनी बापलेक फोटो न्यायला आले. मंगलाने पाकीट सरळ भय्यासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी फोटो बाहेर काढला आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

“हे काय काढलंय?”

“आहे तसं.”

“अहो, हे जबलपूरला कसं पाठवू? थोडा हात फिरवा यावर.”

“नाही फिरवणार. उद्या कुणी फोटो आमच्या पायांवर टाकायला नको.”

भय्यासाहेबांनी फोटो कल्पनाच्या हातात दिला. बाहेर टांग्यांचा गोंगाट चालू होता. “अण्णा आज असते तर...” त्यांनी सुरुवात केली.

“त्यांचं नाव घेऊ नका. आधी सांगा, त्यांनी काय खोटं केलं होतं? तुम्ही मला बघितलं होतंत. याच खिडकीत बसवून, भर दुपारी.”

“जुनी गोष्ट आहे, मंगलाताई.”

“माझी नाहीये जुनी.”

विनायक मध्ये पडला. “जाऊ दे ना मंगल, क्या फायदा?” तिने ऐकलं नाही. ती भय्यासाहेबांकडे बघत राहिली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “श्रीकांतला एका सरदारांकडून सांगून आलं होतं. साखरपुडा मोडायला कारण हवं होतं. फोटो हाताशी होता.”

“मोठ्याने सांगा.”

“बाई—”

“तुम्ही मोठ्याने बोलला होतात. सगळ्यांसमोर.”

म्हातारा दारापर्यंत गेला. रस्त्याकडे तोंड करून, तुटक्या आवाजात म्हणाला, “अण्णांनी फसवलं नव्हतं. मीच खोटं बोललो.” समोर रमेशचा कात लावणारा हात थांबला. दोन टांगेवाले वळून बघू लागले. त्यांना अर्थ कळला नसावा, पण गोऱ्यामोऱ्या झालेल्या साहेबाकडे ते टक लावून बघत राहिले. भय्यासाहेब तसेच पायऱ्या उतरून टांग्यांच्या अड्ड्याकडे गेले.

हा क्षण मंगलाने किती वेळा मनात रंगवला होता. दर वेळी त्यात अण्णा होते, आणि ऐकून नुसती मान हलवत होते. आज त्यांच्या जागी ती पोर उभी होती. फोटो तिच्या हातात होता आणि दुसरा हात गालावर गेला होता.

“तुम्ही माझा फोटो यासाठी काढलात?” कल्पनाने विचारलं.

मंगलाने खणातून दुसरा फोटो काढून पहिल्याशेजारी ठेवला. जुन्या लेन्सचा, मऊ, चांदण्यात काढल्यासारखा. “यातला कुठला नेतेस?” तिने विचारलं. पोरीने आहे तसा चेहरा उचलावा, आपण कधी केलं नाही ते हिने करावं, असं तिला आतून फार वाटत होतं.

कल्पनाने क्षणभरही विचार न करता मऊ फोटो उचलला आणि पदराखाली घेतला.

“मला त्या घरातून बाहेर पडायचंय, ताई,” ती म्हणाली. “कुणी बघायला आलं की बाबा कंदील कोपऱ्यात नेऊन ठेवतात.” दारात ती थांबली. “त्या दुसऱ्याची काच तुमच्यापाशी राहणार?”

“नाही राहणार.”

ती गेल्यावर विनायकने नवी लेन्स मखमली डबीत ठेवली. तो बहिणीची नजर टाळत होता. “मग? परत करू?”

“घ्या,” मंगला म्हणाली. “पण जुनी काढून टाकू नका. स्टुलावर बसायच्या आधी माणसाला विचारायचं, कुठली लावू.”

ती नव्या लेन्सची काच घेऊन आत गेली. मनात दुसरंही येऊन गेलं, ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. या काचेवरून एक मोठी प्रिंट काढून दर्शनी कपाटात लावली की भय्यासाहेब भोपाळच्या गाडीत बसायच्या आत सगळं गाव बघेल. शेगडीवरचं पाणी उकळलं तरी ती काच हातात धरून उभी होती. मग तिने पाणी परातीत ओतलं, सोडा टाकला आणि काच आत सोडली. थोड्या वेळाने कडेचा थर सुटला, सुरकुतला, आणि पोरीचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा अंगठ्याने सरकत पाण्यात गेला. परात तिने मोरीत उपडी केली.

काही उरलं का ते बघायला तिने काच खिडकीशी उजेडात धरली. पलीकडे बापलेक अजून उन्हात उभे होते. टांगा मिळाला नव्हता. भय्यासाहेबांची टोपी हातात होती आणि टक्कल घामाने चमकत होतं. कल्पनाने त्यांच्या डोक्यावर आपला पदर धरायचा प्रयत्न केला, तो त्यांनी बाजूला केला.

स्टुडिओत बाक रिकामा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मंगलाने मारली नाही. टांगा येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग काच पदराने कोरडी करायला घेतली.