चुंबळीखालचे केस

जमुनेचे केस जन्मापासूनच बारीक होते, कोवळ्या मक्याच्या कणसातून निघतात तसे. वेणी घालायला घेतली की हातात काही धरलंय असं वाटायचंच नाही. आता तर ते तुटू लागले होते. मुळापासून गळत नव्हते, मधूनच तुटत. शेंड्यांना फाटे फुटत, आणि टाळूवर जिथे रोज चुंबळ बसायची तिथे बांगडीएवढी जागा पार विरळ झाली होती. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याच्या पट्टीची पिळून केलेली कडी. ती डोक्यावर ठेवायची आणि तिच्यावर भाजीचं टोपलं.

त्यांचा मळा एलिचपूरच्या बाहेर, सापन नदीच्या काठी. रोज सकाळी मनकर्णा आणि जमुना, मायलेकी दोघी, टोपली घेऊन परतवाड्याच्या बाजारात जात. मनकर्णेच्या स्वतःच्या टाळूवर तर लग्नाआधीपासूनच केस नव्हते. डोक्यावरून पदर घेतला की झाकून जातं, म्हणून तिने कधी त्याचं दुःख केलं नाही. पण चांदूर बाजारच्या माणिकबाईचा निरोप आला, की संक्रांत झाल्यावर मुलगी पाहायला येतो, आणि मनकर्णेचा जीव खालीवर होऊ लागला. तेही माळीच, पण माणिकबाईच्या घरी बैलगाडी होती. त्यांची भाजी गाडीतून बाजाराला जायची. त्या घरी पोर पडली तर तिच्या डोक्यावरचं टोपलं कायमचं उतरणार होतं. आणि मुलगी पाहायला आलेल्या बायका वेणी मोकळी करून, फणी फिरवून पाहतात, हे ती जाणून होती.

तिने शेजारच्या मळ्यातल्या गंगूबाईला बोलावलं. म्हातारीने जमुनेला पुढ्यात बसवून एकेक बट उजेडात धरून पाहिली.

“डोकं कशानं धुतं वं?”

“सोड्यानं, आत्या,” मनकर्णा म्हणाली. “लढाईपायी बाजारात शिकेकाई भेटत नाही. आन कांद्याचा वास जात नाही ना.”

“धुन्याच्या सोड्यानं? पोरीचं डोकं हाये का शेषरावचं धोतर?”

शेषराव म्हणजे जमुनेचा बाप. जमुना खुदकन हसली.

“हासू नोको. ओल्या केसातून फनी वढतं का नाही? ओला केस कच्चा असते, पोरी. तानला का तुटला. पहिले वाळू दे. मंग बोटानं गुता सोडव, शेंड्याकून सुरू करून वर ये. तिळाचं तेल कोमट करून लाव. धुवाले रिठा घे, थोबी पातळ. वेनी ढिली घालजो.”

“मंग तुटलेले जुळतीन का?” जमुनेने विचारलं.

“मेथीचं पान फाटलं त थे पुन्हा जुळते का? तुटला थो गेला. नवा येईन थो सांभाळाचा. आन नवा येऊन राहिला तवरीक त्याच्यावर चुंबळ नोको.”

“मंग टोपलं कोन नेईन?” मनकर्णा म्हणाली.

“थे मी काय सांगू, बाई.”

मनकर्णा एकटीच दोन खेपा करू लागली. दुसऱ्या खेपेची भाजी उन्हात माना टाकायची. शेषराव कुरकुरला, “कोन घेते हे सुकलेलं?”

“गाई खातीन,” ती म्हणाली.

रोज संध्याकाळी ती लेकीच्या टाळूवर बोट फिरवून पाहायची. दसऱ्याच्या सुमारास बोटाला काहीतरी मऊ लागलं. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी लव. तिने गंगूबाईला हाक मारून दाखवली. म्हातारी म्हणाली, “आलं, माय. आता घाई नोको.”

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बाजारात टोपलं उतरवताना मनकर्णेची मान धरली. डावा हात खांद्यापासून बधिर झाला. वैद्याने सांगितलं, थंडी सरेपर्यंत डोक्यावर काही घ्यायचं नाही. मळा तर वांग्यांनी, कोथिंबिरीने भरून आलेला. मनकर्णा गाडी मागायला गेली, तर आसपासच्या सगळ्या गाड्या कापूस घेऊन जिनिंगला गेलेल्या. शेषराव मोटेवर. आणि पुरुषाने डोक्यावर टोपलं घेऊन भाजी विकायला जावं, अशी माळ्यांत रीत नव्हती.

जमुनेने आपली आपणच खुंटीवरची चुंबळ काढली. मनकर्णेने तिच्यात मऊ कापूस भरला, वर तेलाचा हात लावला. थोडे दिवस बरं गेलं. मग कापूस दबून लाकडासारखा घट्ट झाला. माय संध्याकाळी बोट फिरवायची, आणि एके दिवशी तिने फिरवायचं सोडून दिलं.

माणिकबाई आली. चहा झाला, आणि तिने जमुनेला पाठमोरं बसवून वेणी सोडली. फणी फिरवली. तुटके केस फणीला आले ते झटकून टाकले. मग तिची बोटं टाळूवर थांबली.

“टोपलं नेते का हे?”

“नेते,” मनकर्णा घाईने म्हणाली. “पन मी बिमार म्हनून. केस येऊन राहिले होते, खरंच.”

“लाजतं काहून? परवा एक पोर पाह्यली. केस कंबरेखालती. टोपलं उचलते का म्हनून इचारलं त तिची मायच हासली.” माणिकबाईने स्वतःचा पदर मागे केला. तिची टाळू तर पार गुळगुळीत होती. “मले केस घेऊन काय करायचं हाये? आमच्या पोट्ट्यानं दसऱ्याले बैल इकले. गाडी उभी हाये नुसती. पोरीचं डोकं मुरलेलं हाये, मले पसंत हाये.”

मनकर्णेला काही बोलायचं होतं. पण तोवर शेषराव खुललेल्या चेहऱ्याने साखर आणायला आत गेलाही.

“बैल पुन्हा घेसान ना?” तिने विचारलं.

“पाहू,” माणिकबाई म्हणाली. निघताना उंबऱ्यावर थांबून तिने बजावलं, “लग्नावरीक पोरीची सवय मोडू नोका.”

केस आले असते तर हीच बाई उठून गेली असती. मनकर्णा हे मनात उलटंपालटं करत राहिली. कुठूनही धरलं तरी ते टोचत होतं. त्या संध्याकाळी तिने तेल तापवलं नाही.

दुसऱ्या सकाळी जमुना अंगणात चुंबळ ठेवून उभी होती. भरलेलं टोपलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो.

“माय, हात लाव.”

मनकर्णेने उजवा हात लावला. टोपलं वर गेलं. जमुनेने मान जराशी हलवून ओझं नीट बसवलं आणि ती बांधावरून चालू लागली.