फाटकापर्यंतचा सलाम

मेजर जनरल हॉलिस पेनरोझ यांनी एक पाय रणगाड्याच्या पट्ट्यावर ठेवला. दुसरा काही केल्या उचलेना. सार्जंट मेजर गॅरिकनं खालून त्यांच्या कमरेला रेटा दिला.

“वाळवंटात माकडासारखे चढायचात, सर.”

“तेव्हा गुडघे माझे होते. आता डॉक्टरचे आहेत.”

निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या मूळ रेजिमेंटनं रणगाड्यावर उभं करून फाटकाबाहेर सोडायचं आणि दुतर्फा जवानांनी सलाम ठोकायचा, अशी इथली रीत. पेनरोझ याच रेजिमेंटमध्ये पोरसवदा लेफ्टनंट म्हणून आले होते. पुढं तीच त्यांनी लढाईत नेली आणि बहुतेकांना जिवंत परत आणलं. मग बढती झाली ती लंडनच्या कचेरीत. त्याच कचेरीतून गेल्या महिन्यात रेजिमेंट मोडण्याचा हुकूम निघाला, पेनरोझांच्या सहीनं. सहीआधी ते किती भांडले, हे कुणाला कळलं नाही. सही मात्र सगळ्यांनी पाहिली.

वर पोचल्यावर ते रणगाड्याच्या उघड्या झाकणातून डोकं बाहेर काढून उभे राहिले नाहीत. थेट आत उतरून तोफेत गोळे भरणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. लढाईत ती जागा गॅरिकची होती.

“सर, तुमची जागा वर आहे.”

“तू उभा राहा. मी दमलोय रे.”

“पण लोक तुमच्यासाठी थांबलेत!”

“तेच तर. त्यांनी सलाम केला नाही, तर तोंड कुठं लपवू?”

“काहीतरीच काय, सर! आपलीच पोरं आहेत ती.”

गॅरिक झाकणातून वर उभा राहिला. रणगाडा गुरगुरत निघाला. थोड्या वेळानं पेनरोझ खालून ओरडले,

“काय करताहेत?”

गॅरिकनं दोन्ही बाजूंच्या रांगांवरून नजर फिरवली.

“सलाम ठोकताहेत, सर. एकूण एक.”

पेनरोझांनी समोरच्या पेरिस्कोपला डोळा लावला. दोन्ही बाजूंना जवान ताठ उभे होते, नजर समोर. प्रत्येकानं आपली काळी टोपी काढून हातात धरली होती. ब्रिटिश फौजेत उघड्या डोक्यानं सलाम करत नाहीत. त्यामुळं सलाम टाळूनही कुणी नियम मोडला, असं म्हणता येत नव्हतं. हसत कुणीच नव्हतं. असे ते फक्त मयताला उभे राहत.

“सर? खालून दिसतंय का काही?”

“छे! काच धुळीनं भरलीय. माझ्या वतीनं तू उत्तर दे त्यांना.”

गॅरिकनं वर कडक सलाम केला. खाली पेनरोझांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि फाटक मागं पडेपर्यंत ते तसेच बसून राहिले.