झिजलेलं सोनं

नारायणस्वामींना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांनी बांधलेली ताळी विजयलक्ष्मीबाईंनी कुणाच्या हाती दिली नव्हती. ताळी म्हणजे तमिळ मुलखातलं मंगळसूत्र. त्यांच्यासारख्या तंजावरच्या मराठी घरांतही तीच चालते. देवामागे एका डबीत ती कापसात गुंडाळलेली असे. आता नात रंजनी हटून बसली होती. लग्न संक्रांतीनंतरच्या तै महिन्यात, आणि ताळी आजोबांच्याच सोन्याची घडवलेली हवी.

"विधवेचं सोनं नवरीच्या गळ्यात? वेड लागलंय का गं तुला?"

रंजनी पेरुंगुडीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. "आजी, सोन्याच्या प्रत्येक अणूच्या पोटात एकोणऐंशी प्रोटॉन असतात. ऐंशी असते तर तो पारा झाला असता. बाहेर इलेक्ट्रॉन असतात, देवघेव होते ती त्यांची. पोटातलं भट्टीसुद्धा हलवत नाही. त्याला काय ठाऊक, कोण सवाष्ण नि कोण विधवा?"

बाईंनी देवामागची डबी काढून हातात घेतली. "म्हणजे माझं वाईट त्याला चिकटलं नाही."

"मुळीच नाही."

"मग तुझे आजोबाही चिकटले नाहीत."

वर्गात असा मुद्दा रंजनीसमोर आजवर कुणी मांडला नव्हता.

नातीचं मन मोडवेना, म्हणून शनिवारी बाई तिच्याबरोबर टी. नगरच्या सराफ बाजारात निघाल्या. बसमध्ये डबी त्यांच्या मुठीतच होती. श्रीहरी सोनारानं ताळी चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवली.

"आजी, पवनाला, म्हणजे आठ ग्रॅमला, जवळजवळ अर्धा ग्रॅम कमी भरतेय."

"पुरा पवन होता! माझ्यासमोर तोलून घेतला होता त्यांनी. सोनार आईच्या नथीतलंही काढतो म्हणतात, तू तर माझ्या डोळ्यांदेखत काढलंस!"

श्रीहरी हसला. "अजून बोटसुद्धा लावलं नाही मी. ही झीज आहे. कडा बघा, कशा गुळगुळीत झाल्यात. किती वर्षं होती गळ्यात?"

"सेहेचाळीस." बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तेवढंही गेलं."

"जाईल कुठे?" रंजनीनं त्यांचा हात धरला. "सोनं झिजतं, आजी, अणू झिजत नाही. तो नुसता सुटतो. तुझ्या पदराला लागला असेल, उशीला लागला असेल, आजोबांच्या सदऱ्याला लागला असेल. मोजायला जन्म पुरणार नाहीत इतके सुटले, पण त्यातला एकही नाहीसा झाला नाही."

"त्यांच्या सदऱ्याला?"

"डोकं टेकत होतीस ना?"

"गप गं, लोक आहेत." बाई चक्क लाजल्या. श्रीहरी मान खाली घालून सोनं वितळवायची मूस पुसत राहिला.

"ती उशी अजून माझ्याच बिछान्यात आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे आमचं दोघांचं होतं ते घरीच राहिलं. हे उरलंय ते कोरं."

त्यांनी काट्यावरची ताळी स्वतः उचलली आणि मुशीत ठेवली.

ज्योत लागली. आधी कडा खचल्या, मग सोनं अंग चोरून गोल थेंब झालं आणि थरथरू लागलं.

"अजून एकोणऐंशीच ना गं?"

"एकोणऐंशीच, आजी."

"बरं. मग ऐक. डबीत जपून ठेवू नकोस हो. रोज घाल. झिजू दे."