शिक्का न बसलेला अर्ज

मी एक अर्ज बोलतोय. शहरातल्या कॅम्प ५ नावाच्या भागाच्या कडेला, रुळाशेजारच्या वस्तीत माझा जन्म झाला. भिमाबाई सांगत होती, सून यशोधरा लिहीत होती. मागणं एवढंच, की नाल्यावरची मोडकी फळी काढून ॲम्ब्युलन्स येईल असा पूल द्या. भिमाबाईचा नवरा धोंडिबा डायलिसिसवर होता. आठवड्यातून दोनदा मुलगा प्रमोद त्याला पाठीवर घेऊन ती फळी ओलांडायचा.

आधी आम्ही नगरसेवकाकडे गेलो. "नाला पालिकेचा, पण पलीकडचा रस्ता राज्याचा. आमदारसाहेबांना भेटा," म्हणत त्यांनी शिक्का मारला. आमदारांच्या कचेरीत दुसरा शिक्का बसला. "रस्त्याचं बघू, पण रुळालगतची जागा रेल्वेची, म्हणजे केंद्राची. खासदारांचं पत्र लागेल."

भिमाबाई वैतागली. "तिघांना पण मत मीच दिलं ना? मग माझा नाला तिघांत वाटला कुणी?"

सगळा कारभार एकाच्याच हाती जाऊ नये म्हणून ही वाटणी झाली, हे मला ठाऊक आहे. चांगल्यासाठीच झाली असणार. पण वाटण्यांच्या मधोमध एक फळी उरली आणि ती कुणाच्याच वाट्याला आली नाही.

दोन शिक्क्यांनी मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? भिमाबाईलाही माझा केवढा अभिमान! मी भिजू नये, फाटू नये म्हणून तिने कॅम्प २च्या बाजारात नेऊन मला लॅमिनेट करून घेतलं.

तिथंच घात झाला. खासदारांच्या कार्यालयातल्या कारकुनाने शिक्का मारला, तो बोटाने पुसला गेला. पुन्हा मारला, पुन्हा पुसला गेला. "प्लॅस्टिकवर शाई धरत नाही, मावशी. नवा अर्ज करा. पहिल्यापासून सगळ्यांचे शिक्के घेऊन या."

नव्या अर्जावर पहिला शिक्का बसायच्या आतच धोंडिबाला धाप लागली. ॲम्ब्युलन्स नाल्यापलीकडे येऊन थांबली. प्रमोद त्याला घेऊन फळीवर चढला आणि अर्ध्या वाटेत त्याच्या गळ्याभोवतीचे म्हाताऱ्याचे हात सैल पडले.

धोंडिबाच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकल्यावर भिमाबाई पुन्हा नगरसेवकाच्या ऑफिसात गेली. तिथला माणूस हळहळला, मग म्हणाला, "पेशंटच राहिला नाही ना आता. अर्ज निकाली काढतो."

मी आता भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. समोर बसून यशोधरा आणखी एक अर्ज लिहितेय. मजकूर माझ्यावरूनच उतरवतेय, फक्त धोंडिबाच्या जागी तिने स्वतःचं नाव घातलंय.

साहेबांनो, हा तरी लवकर वाचा. तिला आठवा महिना लागलाय.