नात्याचा रकाना

मी एक पॉलिसी बोलतेय. लग्नाच्या विम्याची, चौतीस पानांची, कोपऱ्यात पिन मारलेली. बोलतेय म्हणण्यापेक्षा कबूल करतेय म्हणा. बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले, आणि ते एका भल्या बाईला भोवलं.

माझा जन्म विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमधला. गरमागरम बाहेर पडले आणि स्वतःवरच खूश झाले. पहिल्या पानावर हसरं जोडपं, खाली ठळक अक्षरांत ‘लग्नाची काळजी आमच्यावर सोडा’. पाऊस, आग, हॉलला कुलूप, घरचं आजारपण, सगळ्याची भरपाई मी देणार म्हणे. घरचं म्हणजे कोण, ते अठराव्या पानावर होतं, आणि तिथली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

आई, वडील, सख्खी भावंडं आणि आजी-आजोबा, एवढीच घरची माणसं. आणखी कोणाच्या आजारपणामुळे लग्न पुढे ढकलावं लागेल असं वाटत असेल, तर त्याचं नाव खालच्या रिकाम्या ओळींत लिहायचं होतं. त्याचे जास्तीचे पैसेही पडत नव्हते. दोनच रकाने होते, नाव आणि नातं.

एजंटने मला नेलं ते एका टेलरबाईंच्या दुकानामागच्या खोलीत. कापायच्या टेबलावरच्या चिंध्या बाजूला सारून मला ठेवलं. टेबलाशी टेलरबाई होत्या आणि जिचं लग्न ठरलं होतं ती मुलगी होती, चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी. मुलगी खरं तर टेलरबाईंच्या बहिणीची. बाप आधीच सोडून गेलेला, आणि बहीण वारली तेव्हा पोरगी चार वर्षांची. टेलरबाईंनी तिला घरी आणलं, आणि काही दिवसांतच ती त्यांना आई म्हणायला लागली. मावशी हा शब्द त्या घरात त्यानंतर कोणी काढलाच नाही.

एजंट माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. मुलीने विचारलं, घरचं कोणी आजारी पडलं तर काय? तो म्हणाला, निर्धास्त राहा. त्या बिचाऱ्याला काय माहीत, तोही त्यांना सख्खी आईच समजत होता. मुलीने भराभर सह्या ठोकल्या, ‘वाचलं आणि समजलं’ याच्या खालीसुद्धा. माणसांचं मला नवल वाटतं. पावशेर भेंडी घेताना एकेकीचा शेंडा मोडून बघतील, आणि चौतीस पानांवरून नुसता अंगठा फिरवतील.

टेलरबाई मात्र वाचणाऱ्यांतल्या. त्यांनी मला पुढ्यात ओढलं, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून एकेक पान वाचत गेल्या. एजंट दोनदा घड्याळ बघून चुळबुळला, पण त्यांनी दाद दिली नाही. अठराव्या पानावर बोट थांबलं. त्यांना सगळं नीट कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी पेनचं टोपण काढलं, रिकाम्या ओळीवर हात टेकवला, आणि मग शेजारचा नात्याचा रकाना बघितला. मुलगी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. टेलरबाईंनी टोपण परत लावलं.

‘ठीक आहे सगळं,’ त्या म्हणाल्या.

आणि मला, खरं सांगू? मला बरं वाटलं. शाई नाही, खाडाखोड नाही, कशी कोरी करकरीत राहिले! पिनेने बोट टोचून तरी त्यांना थांबवायचं होतं मी. पण कसलं काय, मी माझ्याच तोऱ्यात.

पुढचे पाच आठवडे ड्रॉवरमध्ये पडून होते. लग्नाला आठ दिवस उरले असताना मशीनवर बसल्या बसल्या टेलरबाईंच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन ताबडतोब करायचं आणि मग महिनाभर अंथरुणात पडून राहायचं. मुलीने एका दुपारीत हॉलवाल्याला, फोटोग्राफरला, सगळ्यांना फोन करून लग्न पुढे ढकललं. दिलेला अॅडव्हान्स परत मिळणार नाही, असं प्रत्येकाने बजावलं. ती म्हणाली, चालेल, आमच्याकडे पॉलिसी आहे. मग तिने मला ड्रॉवरमधून काढलं आणि बॅगेत अगदी जपून ठेवलं. तो अॅडव्हान्स टेलरबाईंचा होता, वर्षानुवर्षं लोकांच्या पँट आखूड करून साठवलेला. त्या बॅगेत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी क्लेमचा फॉर्म भरायला मुलगी मला घेऊन खाटेशी बसली. टेलरबाई माझ्याकडे बघेचनात.

‘त्यात मी नाहीये,’ त्या म्हणाल्या.

‘नाहीये म्हणजे?’

‘अठरावं पान बघ. माझं नाव लिहायचं होतं. मी लिहिलं नाही.’

मुलीने ते पान दोनदा वाचलं. तिला राग आला होता, आवाज दाबून ती म्हणाली, ‘कळलं होतं तुला? मग का नाही लिहिलंस, आई?’

‘नातं विचारलं होतं गं,’ टेलरबाई म्हणाल्या. ‘तू शेजारीच बसली होतीस.’

मुलीने फॉर्मची घडी घातली. मला स्टुलावर पालथं घातलं आणि त्यांच्या उशीशेजारी डोकं टेकून बसून राहिली. तिने मला तिथेच टराटरा फाडलं असतं तर बरं झालं असतं.

क्लेम तरी पाठवून पाहिला. उत्तर दोन ओळींचं आलं: सदर व्यक्ती घरच्या माणसांत मोडत नाही. शब्द माझेच होते. मुलीने ते पत्र लपवून ठेवलं, पण टेलरबाईंनी ते शोधून वाचलं आणि जिथलं होतं तिथेच परत ठेवून दिलं.

म्हणून तुम्हाला कळवळून सांगते. आमच्यासारख्या कागदावर सही करण्याआधी आपली माणसं डोळ्यांपुढे आणा, आणि बारीक अक्षरांत कोणाला जागा दिलेली नाही ते शोधा. शेजारी बसलेल्याचं पेन मध्येच थांबलं, तर का थांबलं ते विचारा. आम्ही आपणहून सांगत नाही. माझी मुदत तर संपली, आता मी कोणाच्याच कामाची नाही.

लग्नाची नवी तारीख ठरली तेव्हा एजंट नवी पॉलिसी घेऊन आला. या वेळी घड्याळ न बघता त्याने ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. हृदयाचा आजार आता धरला जाणार नाही, बाकीचे चालतील, असंही चाचरत सांगितलं. ‘मग काय, बाकी मी ठणठणीतच आहे,’ टेलरबाई म्हणाल्या. चूक कुठे झाली होती ते पडताळायला मला शेजारी उघडून ठेवलं होतं, तेही अठराव्या पानावर. कुठे तोंड लपवावं कळेना.

मुलीने पेन घेतलं आणि टेलरबाईंचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्याशी येऊन तिचाही हात अडला.

‘मावशी असंच लिही,’ टेलरबाई म्हणाल्या. ‘कागदाला खरं तेच सांगायचं.’

तिने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. मग सहीपाशी येऊन, मान वर न करताच तिने विचारलं, ‘आई, आज तारीख किती?’